सर्व्हरवर नवा खेळाडू आला, आता स्टाफने काय करायचं?

मे महिन्यात इंदूरच्या शाळांना सुट्या लागल्या की आमच्या माइनक्राफ्ट (ठोकळ्यांच्या जगात खाणकाम आणि बांधकाम करायचा गेम) सर्व्हरवर नवी नावं दिसायला लागतात. कुणी रामबागेतलं, कुणी सुदामा नगरातलं, कुणाचा पुण्याचा मावसभाऊ, कुणाची बडोद्याची आत्येबहीण. इथल्या मराठी घरांतल्या पोरांनी सुरू केलेला सर्व्हर, त्यामुळे चॅट अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि 'भिया' (म्हणजे भाऊ) सगळ्यांनाच. यातले बरेच जण एकदा येतात, थोडा वेळ इकडेतिकडे फिरतात आणि मग त्यांचं नाव पुन्हा यादीत दिसत नाही. स्टाफमध्ये विषय निघाला की कुणी लॅगवर खापर फोडतं, कुणी जुन्या मॅपवर, कुणी दुसऱ्या मोठ्या सर्व्हरवर.

मला ही कारणं अर्धीमुर्धीच पटतात. आपण नव्या खेळाडूला सामान देतो, शेजार देत नाही. लोखंडी तलवार, ब्रेडचा ढीग आणि कातड्याचं चिलखत हातात ठेवलं की स्वागत उरकलं असं समजतो, आणि तो ते सगळं घेऊन एकटाच अंधारात भटकत बसतो. पहिल्या संध्याकाळी त्याला राहायला एक जागा आणि नावाने हाक मारणारा एक खेळाडू मिळाला, तर तो दुसऱ्या दिवशी यायची शक्यता कितीतरी वाढते. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्याच कामासाठी आहेत.

उदाहरणं माइनक्राफ्टच्या लहान सर्व्हायव्हल सर्व्हरची घेतली आहेत. पेपर सॉफ्टवेअर, त्यावर इसेन्शियल्स-एक्स, लकपर्म्स, कोअरप्रोटेक्ट आणि ग्रीफ प्रिव्हेन्शन हे नेहमीचे प्लगइन (सर्व्हरला जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम), असं धरून चाललो आहे. तुमचा गेम वेगळा असला तर आज्ञा बदलतील, क्रम फारसा बदलणार नाही.

दाराबाहेर अडकलेले

जे आत येऊन निघून जातात ते निदान लॉगमध्ये तरी दिसतात. जे आत येऊच शकले नाहीत त्यांचा पत्ताच लागत नाही, आणि आपल्याकडे त्यांची संख्या कमी नसते. म्हणून पहिलं काम सर्व्हरच्या बाहेरचं आहे.

आपल्याकडचा नवा खेळाडू बहुतेक वेळा मोबाइलवर असतो, म्हणजे बेडरॉक आवृत्तीवर. सर्व्हर जावा, म्हणजे पीसीवरच्या आवृत्तीचा असेल तर गायझर बसवल्याशिवाय तो आत येऊ शकत नाही, आणि फ्लडगेट नसेल तर त्याला वेगळं जावाचं खातं लागतं. गायझर असूनही लोक अडतात ते पोर्टवर, म्हणजे पत्त्यासोबतच्या आकड्यावर. जावाचा ठरलेला पोर्ट २५५६५, बेडरॉकचा १९१३२. मोबाइलवर पत्ता एका चौकटीत आणि पोर्ट दुसऱ्या चौकटीत भरायचा असतो. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पत्ता पोर्टासकट पहिल्याच चौकटीत चिकटवला की झालं. होस्टिंगवाल्याने बेडरॉकसाठी भलताच पोर्ट दिला असेल तर तो मोठ्या अक्षरांत सांगा.

पीसीवाल्यांचे अडथळे दोन. एक आवृत्तीचा: सर्व्हर एका आवृत्तीवर, त्याचा गेम दुसऱ्या. व्हायाव्हर्जन टाकलं की गेम नवा असला तरी चालतो. नाहीतर लाँचरमध्ये कोणती आवृत्ती निवडायची ते चित्रासह दाखवा. दुसरा अडथळा फुकट लाँचरचा. सर्व्हरवर ऑनलाइन मोड चालू असेल तर विकत न घेतलेला गेम आत येत नाही आणि युजरनेम पडताळता आलं नाही असा निरोप येतो. त्या मुलाला हा निरोप काडीचा कळत नाही, तो 'सर्व्हर खराब आहे' म्हणून निघून जातो. त्याला सरळ सांगा: इथे अधिकृत खातं लागतं. टोमणा नको, 'चोरीचा गेम' वगैरे प्रवचन तर अजिबात नको. तुम्ही ऑनलाइन मोड बंद ठेवला असेल तर वेगळीच जोखीम येते. कुणीही कुणाच्याही नावाने, अगदी अ‍ॅडमिनच्या नावानेही, आत येऊ शकतो. तेव्हा ऑथमीसारखा पासवर्ड मागणारा प्लगइन लागतोच, आणि नव्या माणसाला तो पासवर्ड कुठे टाकायचा हे पहिल्याच ओळीत मराठी-हिंदीत दिसायला हवं.

हे सगळं एका पानाच्या निरोपात बसवा आणि तो निरोप सर्व्हरच्या प्रत्येक अपडेटनंतर स्टाफपैकी एकाने घरातल्या दुसऱ्या फोनवरून, नवं खातं असल्यासारखा, पाळून बघा. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी अडलेलं सापडतं.

राजवाड्याच्या दारात

इंदूरचा सर्व्हर म्हटल्यावर स्पॉनला, म्हणजे नवा खेळाडू जिथे उगवतो त्या जागी, राजवाडा बांधायचा मोह कुणाला होणार नाही? सात मजली दार, खाली दगड, वर लाकूड. बांधायला मजा येते. पण नवा खेळाडू आत येतो तेव्हा त्याला राजवाड्याची भव्यता बघायची नसते, बाहेर पडायची वाट हवी असते. म्हणून तो ज्या ब्लॉकवर उभा राहतो तिथून पुढे बघितल्यावर एकच मोकळी वाट दिसली पाहिजे. मागे वळून बघेल तेव्हा राजवाडा बघेलच.

पाट्यांचं पण तसंच. माइनक्राफ्टच्या पाटीवर चारच ओळी मावतात, आणि त्याही आखूड. तरी आपण अठरा पाट्यांची भिंत उभी करून नियमावली लिहितो. ती कुणी वाचत नाही. दारात तीन पाट्या पुरेत: मदतीसाठी काय टाइप करायचं, वस्ती कोणत्या दिशेला, आणि दुसऱ्याच्या पेटीला हात लावू नका. बाकी नियम पुस्तकात घालून हातात द्या, ज्याला वाचायचेत तो वाचेल.

स्पॉनच्या आसपास ब्लॉक फुटत नाहीत हेही त्याला कुणीतरी सांगायला हवं. सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये स्पॉन प्रोटेक्शन मुळातच १६ वर असतं, आणि आपण त्यावर आणखी संरक्षण चढवलेलं असतं. नवा मुलगा झाडावर ठोसे मारतोय, लाकूड काही निघत नाही, त्याला वाटतं गेम अडकला. सुरक्षित भाग जिथे संपतो तिथे जमिनीवर वेगळ्या रंगाचा पट्टा घाला आणि पाटीवर 'इथून पुढे खोदा' एवढंच लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच सर्व्हरवर स्पॉनला एक बटण असतं. दाबलं की माणूस कुठेतरी हजारो ब्लॉक लांब जाऊन पडतो. स्टाफला हे सोयीचं वाटतं, कारण स्पॉनभोवतीची झाडं जुन्या लोकांनी कधीच साफ केलेली असतात, आणि नव्याला कोरी जमीन मिळते. पण त्या कोऱ्या जमिनीवर तो एकटा असतो. चॅटमध्ये गप्पा चाललेल्या दिसतात, माणूस एकही दिसत नाही. असा एकटाच खेळायचं असेल तर त्याला सर्व्हरची गरज काय, सिंगल प्लेयर आहेच की. ते बटण काढून टाका, किंवा काही तास खेळल्यावरच उघडेल असं करा.

वस्ती आधी बसवा

बटणाच्या जागी वस्ती हवी. स्पॉनपासून दोन-तीन मिनिटं चालत जाता येईल अशा अंतरावर एक मोकळा भाग नव्यांसाठी राखा. रस्ता, दिवे, मधोमध विहीर, एक सामायिक शेत, एक सामायिक भट्टी आणि सात-आठ रिकामे प्लॉट. झाडं हवीतच, कुणी तोडली तर रोप लावायचं, एवढा एकच नियम इथे कडक ठेवा. वस्तीत स्टाफपैकी किंवा मुरलेल्या खेळाडूंपैकी दोघा-तिघांची खरी, रोज वापरातली घरं असली पाहिजेत. नुसती नव्यांची वस्ती म्हणजे सगळेच गोंधळलेले आणि सांगणारा कुणी नाही.

ग्रीफ प्रिव्हेन्शन असेल तर नव्या खेळाडूने पहिली पेटी ठेवली की तिच्याभोवतीचा छोटा तुकडा आपोआप त्याच्या नावावर होतो. हे त्याला माहीत नसतं, तेव्हा सांगा: 'पेटी आधी ठेवा, मग घर बांधा.' जागा वाढवायला सोन्याचं फावडं लागतं. ते त्याला देऊन टाकू नका, वस्तीच्या पेटीत एक ठेवा आणि कसं वापरायचं ते सोबत उभं राहून दाखवा. कोपऱ्यावर क्लिक, समोरच्या कोपऱ्यावर क्लिक, झालं. शेजाऱ्याला आत येऊ द्यायचं असेल तर स्लॅश ट्रस्ट आणि त्याचं नाव. ही आज्ञा नव्याने वापरली की समजा शेजार जमायला लागला.

रात्रीचा एक छोटा पण त्रासदायक मुद्दा. माइनक्राफ्टचा दिवस वीस मिनिटांचा; रात्र पडली की मुरलेले लोक अंथरुणात आणि नव्याकडे अंथरूणच नाही. मूळ नियमाप्रमाणे सगळे झोपल्याशिवाय सकाळ होत नाही, म्हणून चॅटमध्ये 'अरे झोप ना', 'कोण जागा आहे' असा ओरडा सुरू होतो, आणि तो ज्याच्यावर चाललाय त्याला झोपायचं कसं हेच माहीत नसतं. १.१७ आवृत्तीपासून प्लेयर्स स्लीपिंग पर्सेंटेज (किती टक्के लोक झोपले की सकाळ व्हायची) हा गेमरूल आहे, तो शंभरवरून खाली, तीस-चाळीसच्या आसपास आणा. आणि वस्तीच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर तीन लोकर आणि तीन फळ्या पेटीत ठेवा. तयार अंथरूण ठेवलं तरी चालेल, पण स्वतः बनवलेलं पहिलं अंथरूण माणूस विसरत नाही. शिवाय तीन रात्री झोप झाली नाही की आकाशातून फॅंटम येतात, तेही त्याला आधीच कानावर घाला.

पहिली पाच मिनिटं

इसेन्शियल्स-एक्सच्या सेटिंगमध्ये 'न्यूबीज' नावाचा विभाग असतो. नवा खेळाडू आल्यावर सगळ्यांना काय दिसायचं, त्याला कोणता किट (सुरुवातीचं सामान) द्यायचा, तो कुठे उगवायचा, हे तिथे ठरतं. आपोआप येणारी ती स्वागताची ओळ खेळाडूसाठी नसून स्टाफसाठी आहे असं समजा. ती दिसली की त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या एकाने, फक्त एकानेच, पुढचं सांभाळायचं. पाच जण एकदम 'वेलकम वेलकम' करतात आणि मग कुणीच बोलत नाही, हे नेहमीचं दृश्य आहे.

चॅटमध्ये तो बहुधा असं काहीतरी टाकतो: 'कोई है क्या'. त्यावर 'नियम वाच, स्पॉनला बोर्ड आहे' असं उत्तर आलं की संवाद तिथेच संपला. 'हो' एवढंच उत्तर आलं तरी संपला. याऐवजी हे बघा:

'हो, आहे ना. मोबाइलवर आहात की पीसीवर?'
'मोबाइल'
'छान. वस्ती जवळच आहे, दोन मिनिटं चालत. मी सोबत येऊ का?'

पहिल्या ओळीतला प्रश्न मी मुद्दाम निवडला आहे. त्याचं उत्तर देणं कुणालाही सोपं असतं, त्यात लाजायचं काही नसतं, आणि त्या एका उत्तरावर पुढची सगळी मदत ठरते. मोबाइलवाल्याला लांबलचक वाक्य टाइप करायला लावायचं नाही. फ्लडगेटमुळे त्याच्या नावाआधी टिंब लागलेलं असतं, त्यामुळे तुमच्या आज्ञांमध्ये ते टिंब विसरायचं नाही. आणि लढाईच्या वेळी तो तलवार भराभर चालवतो, कारण बेडरॉकमध्ये तसंच चालतं. जावा सर्व्हरवर २०१६ च्या १.९ आवृत्तीपासून प्रत्येक वारानंतर थोडं थांबावं लागतं, नाहीतर घाव लागतो पण जोर नसतो. 'थांबून मारा' हे दोन शब्द त्याला पहिल्या रात्री वाचवतात.

'सोबत येऊ का' हे विचारणंही तितकंच गरजेचं. स्टाफकडे कुठेही उडी मारायची सोय असते, म्हणून आपण न विचारता त्याच्या शेजारी प्रकट होतो. नव्या माणसाला दचकायला होतं, वाटतं आपलं काही चुकलं. साध्या खेळाडूसारखी स्लॅश टीपीए (जवळ यायची परवानगी मागणारी आज्ञा) पाठवा, त्याने होकार दिला की जा. अदृश्य राहून, व्हॅनिशमधून उत्तरं देणं हा तर आणखी वाईट प्रकार. यादीत कुणी दिसत नाही आणि चॅटमध्ये आवाज येतोय. व्हॅनिश चोर पकडायला ठेवा. क्रिएटिव्ह मोडमध्ये उडत उडत रस्ता दाखवणंही टाळा. चालत जा, वाटेत झाड तोडा, त्यालाही तोडू द्या.

मराठीची एक अडचण इथे नेहमी येते. 'कधी आलास', 'कुठून आलीस' म्हणायचं तर समोरचा मुलगा आहे की मुलगी ते ठाऊक पाहिजे, आणि नाव असतं 'ड्रॅगन ७७'. सरळ 'तुम्ही आलात' म्हणा. नंतर त्यानेच किंवा तिनेच 'अहो तू म्हणा ना' म्हटलं की झालं. 'भिया' हा इंदुरी जिव्हाळा खरा, पण पहिल्या पाच मिनिटांत तोही जपून. मुली सर्व्हरवर असतात, गप्प बसतात, आणि 'भिया भिया' ऐकून आणखी गप्प होतात.

वस्तीत पोचल्यावर तुमचं काम निम्मं संपलं. आता त्याची तिथल्या एका खेळाडूशी गाठ घालून द्या, आणि ओळख कामावरून करून द्या, हुद्द्यावरून नको. 'हे आमचे मॉड' यापेक्षा 'यांची मेंढ्यांची जागा आहे, लोकर लागली तर यांना विचारा' याचा उपयोग जास्त. मग बाजूला व्हा. जो हेल्पर नव्याला दोन तास धरून ठेवतो त्याने मित्र मिळवला, पण सर्व्हरला खेळाडू मिळवून दिला नाही. हेल्पर झोपला की नवाही बंद.

पहिलं मरण

नवा खेळाडू पहिल्या तासात मरतो. क्रीपर, खाई, लाव्हा, काहीही. सामान जमिनीवर पडतं आणि पाच मिनिटांत नाहीसं होतं, आणि आपण कुठे मेलो हेच त्याला सांगता येत नाही. माझ्या अंदाजाने याच क्षणी सर्व्हर सोडणारे सगळ्यात जास्त.

गेलेलं सामान हेल्परने आपल्या खिशातून भरून द्यायची सवय लावू नका. जुने लोक बघत असतात, कुरबूर सुरू होते, आणि नव्यालाही कळतं की मेलं तरी चालतं, हाक मारली की पुन्हा मिळतं. त्याऐवजी मेल्या जागी परत जायची सोय नव्यांना काही दिवस द्या. इसेन्शियल्समध्ये मेल्यावर स्लॅश बॅक वापरायची परवानगी वेगळी असते, आणि लकपर्म्समध्ये कोणतीही परवानगी मुदतीसाठी देता येते, तीन दिवस, सात दिवस, हवी तशी. मुदत संपली की ती आपोआप जाते, कुणाच्या हातून काही काढून घेतल्यासारखं होत नाही. लाव्हात पडला असेल तर मात्र सामान जळालंच, तिथे त्याला शेजाऱ्याकडे घेऊन जा. दगडाची कुऱ्हाड आणि चार ब्रेड शेजारी देतोच, आणि ते घेताना दोघांचं बोलणं होतं.

पहिली चूक

वस्तीत दोन दिवस झाले की नव्याकडून काहीतरी होतं. कुणाचं गाजराचं शेत कापलं आणि परत लावलं नाही, कुणाच्या पेटीतून लोखंड घेतलं, रस्त्यातच खड्डा खणला. ज्याचं गेलं तो चॅटमध्ये आरडाओरडा करतो, नाव घेऊन. इथे स्टाफचा वेग लागतो.

आधी चॅट थंड करा: 'बघतो, पाच मिनिटं द्या.' मग कोअरप्रोटेक्टचं इन्स्पेक्ट चालू करून जागेवर जा. ब्लॉकवर डावं क्लिक केलं की तिथे कुणी काय केलं ते दिसतं, पेटीवर उजवं क्लिक केलं की कुणी काय काढलं-घातलं ते दिसतं. वेळही बघा. आल्यानंतर अर्ध्या तासात सामायिक शेताच्या शेजारचं शेत कापलंय म्हणजे त्याला दोन्हींतला फरकच कळला नव्हता. चार पेट्या ओळीने रिकाम्या केल्यात आणि मग लगेच लांब निघून गेलाय म्हणजे फरक चांगलाच कळला होता. पहिल्यासाठी रोलबॅक करा (म्हणजे त्याने केलेले बदल मागे फिरवा), नव्याला खासगीत दाखवा, आणि त्याच्याकडूनच शेजाऱ्याला 'सॉरी, माहीत नव्हतं' एवढं म्हणवा. रोलबॅक करताना त्याचं नाव, किती वेळ मागे जायचं आणि किती परिसर, तिन्ही घाला. परिसर गरजेपेक्षा मोठा घातला तर त्याने स्वतःचं बांधलेलं घरही उडतं, आणि मग समजावणी कशाची. दुसऱ्यासाठी तात्पुरता बॅन, पुरावा नोंदवून.

हेल्परला बॅनचा अधिकार देऊ नका. म्यूट आणि इन्स्पेक्ट पुरे. ज्याच्या हाती हातोडा नसतो तो बोलून सोडवायला शिकतो.

'कुठले तुम्ही?'

इंदूरच्या मराठी माणसाला समोरच्याचं आडनाव कळलं की राहवत नाही. कुठले तुम्ही, लोकमान्य नगरचे का, म्हणजे अमक्यांचे कोण? प्रत्यक्ष भेटीत यातच अर्धा जिव्हाळा असतो. सर्व्हरवर हे प्रश्न बंद. समोर बारा वर्षांचं पोर असू शकतं, आणि वाचणारे तीस जण कोण आहेत हे कुणालाच माहीत नसतं. खरं नाव, शाळा, कॉलनी, फोन, फोटो, यातलं स्टाफने काही विचारायचं नाही आणि कुणी आपणहून टाकलं तर ते पुसायचं. गप्पा मारायला कालचं घर, आजची खाण, वस्तीतली मांजर, भरपूर विषय आहेत.

मोठ्या वयाच्या स्टाफने लहान मुलाशी एकट्याने व्हॉइस चॅटवर बोलायचं नाही, खासगी निरोपातून मदत करायची नाही. मदत उघड्या चॅटमध्ये, किंवा दुसरा स्टाफ असताना. डिस्कॉर्डवर खातं काढायला किमान १३ वर्षं लागतात, म्हणून 'डिस्कॉर्डवर ये, मग सांगतो' हे उत्तर लहानांना देऊच नका. जे सांगायचं ते गेममध्येच सांगता यायला हवं. एखाद्या मुलाच्या बोलण्यातून घरातला किंवा ऑनलाइन छळ जाणवला तर सल्ले देत बसू नका, लॉग जपून ठेवा, मालकाला सांगा, आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन त्याला दिसेल अशी ठेवा. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३०.

पालकांसाठी एक छोटा निरोप तयार ठेवा, शुद्ध मराठीत आणि हिंदीत. कुणाची तरी आई मुलाच्या फोनवरून 'हे काय आहे, पैसे लागतात का' असं विचारते, तेव्हा स्टाफमधला चौदा वर्षांचा हेल्पर गडबडतो. निरोपात तीन गोष्टी हव्यात: सर्व्हर कोण चालवतं, पैसे लागत नाहीत, तक्रार कुणाकडे करायची. रँक विकत असाल तर तेही स्पष्ट लिहा. मोजांगच्या नियमांप्रमाणे पैसे घेऊन खेळात वरचढ करणाऱ्या गोष्टी विकता येत नाहीत, आणि नव्या मुलाला पहिल्याच दिवशी दुकान दाखवणं तसंही बरं दिसत नाही.

हसणं थांबवा

आमच्याकडे पुण्या-नाशकाचे खेळाडू आले की एक प्रकार हमखास होतो. इंदूरचा मुलगा लिहितो 'मी तिकडे जाऊन राहिलो आहे' (म्हणजे जातोय), आणि पलीकडून हसणारी इमोजी येते. किंवा ग्वाल्हेरचा कुणी अर्धं वाक्य हिंदीत टाकतो आणि 'मराठी बोल ना' असं ऐकतो. यात शिवी नसते, म्हणून स्टाफ दुर्लक्ष करतो. पण तो मुलगा त्यानंतर चॅटमध्ये लिहीत नाही, आणि जो लिहीत नाही त्याला शेजार मिळत नाही. त्याच क्षणी, हसत, पण सगळ्यांसमोर थांबवा: 'इथे सगळी मराठी चालते, पुढे चला.' ज्याला हसलं गेलं त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर लगेच पुढच्या ओळीत द्या. पुन्हा झालं तर दहा मिनिटं म्यूट.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवसाकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि खरी कसोटी तिथेच. काल ज्याने स्वागत केलं तो आज ट्यूशनला, ड्यूटीवर दुसराच, आणि त्याने पुन्हा विचारलं 'नवीन का?' की कालची सगळी मेहनत वाया. म्हणून स्टाफच्या चॅनेलमध्ये प्रत्येक नव्याची दोन ओळींची नोंद हवी. अशी:

'टिंब-ड्रॅगन ७७. मोबाइल. वस्ती, विहिरीशेजारचा प्लॉट. मेंढीवाल्यांशी ओळख झाली. काल लाव्हात पडला. छप्पर कसं घालायचं ते दाखवतो म्हटलंय.'

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दिलेला शब्द दुसऱ्याने पाळला तरी चालतो, पण पाळला गेला पाहिजे. तो परत आला की पहिली ओळ तयारच असते: 'छप्पर राहिलंय ना? चला.' चार-पाच दिवस कुणी दिसलं नाही तर स्लॅश सीनने शेवटचं कधी आला ते बघा आणि इसेन्शियल्सच्या मेलमध्ये एक ओळ सोडून ठेवा. परत आला की मेल आल्याचं त्याला दिसेल. त्याच्या घराभोवतीचं संरक्षण मात्र इतक्यात काढू नका. परीक्षा, आजोळ, फोन जप्त, कारणं बरीच असतात.

पाळ्या लावताना संध्याकाळी आठ ते अकरा आणि रविवारची दुपार आधी भरा; नवे लोक तेव्हाच येतात. एका पाळीत एकच जण 'नव्यांचा', बाकीचे खेळोत. दोन तासांपेक्षा मोठी पाळी लावू नका, तिसऱ्या तासाला उत्तरं आखूड आणि खवचट होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टाफचेच पेपर असतात, तेव्हा पाळ्या भरत नसतील तर नव्यांना प्रवेश काही तासांपुरताच ठेवा, व्हाइटलिस्ट (यादीतल्या नावांनाच आत सोडायची सोय) लावून. कुणी नसताना दार उघडं ठेवण्यापेक्षा 'संध्याकाळी आठला या' ही पाटी बरी.

काम द्या

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नव्याला काहीतरी सगळ्यांचं करायला द्या, त्याच्याकडे असलेल्या सामानात होणारं. राजवाड्यासाठी विटा लागतात. चिकणमाती खणून भट्टीत भाजणं कुणालाही जमतं. रस्त्याला मशाली लावणं, शेताला कुंपण. रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, आतषबाजीची रॉकेटं लागतात, त्यांना कागद, बारूद आणि रंग. ऊस लावून कागद करणं हे नव्याचं काम. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघतात, तशी सर्व्हरवर काढायची तर प्रत्येक वस्तीला एक झांकी द्या आणि नव्यांच्या वस्तीची झांकी त्यांनाच ठरवू द्या, वेडीवाकडी झाली तरी. जुन्या बिल्डर मंडळींना ती 'सुधारायची' खुमखुमी येते. त्यांना आवरा, गरज पडली तर त्या भागात बांधायची परवानगीच काही दिवस काढून ठेवा.

आठवडाभराने नवी ओळ चॅटमध्ये येईल, 'कोई है क्या'. ड्यूटीवरच्या हेल्परने त्या वेळी थोडं थांबावं आणि विहिरीशेजारच्या प्लॉटवाल्याला खासगीत विचारावं: 'तुम्ही घ्याल का यांना?' तो हो म्हणाला तर नोंदीत त्याचं नाव 'नवा'मधून काढून 'शेजारी'मध्ये टाका. नाही म्हणाला तर हेल्परने स्वतः जावं, आणि पुढच्या आठवड्यात त्याला परत विचारावं.